फिरंग : पाच शब्दांचा लेख

भाची एझिमलाच्या नौदल अकादमीतून अधिकारी होऊन निघणार, म्हणून घरात भेटवस्तूची चर्चा महिनाभर चालली. घड्याळ झालं, सोन्याची साखळी झाली. शेवटी तीच म्हणाली, "मामा, तलवार द्या." समारंभाच्या गणवेशात कमरेला लावायची, धार नसलेली. तलवार ठरली. पात्यावर काय कोरायचं ते माझ्यावर सोडलं होतं.

तेव्हापासून एका जुन्या तलवारीवरचा लेख मनातून जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीज लिलावातून महाराष्ट्र शासनाने रघुजी भोसल्यांची तलवार घेतली, ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आमचा वैनगंगाकाठही होता, म्हणून इकडे त्या बातमीला घरचा वास. पण मला गुंतवलं ते पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने लिहिलेल्या पाच शब्दांनी : श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग.

या लेखात क्रियापद नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विभक्ती नाही. 'रघोजींची फिरंग' असं लिहिणं सोपं होतं. पण 'ची' आली की तलवार वस्तू होते, मालकीची होते. इथे माणूस आणि शस्त्र एका ओळीत, एकाच सोन्यात, शेजारी उभे आहेत. कोण कोणाचं, ते वाचणाऱ्याने जाणावं.

नादही ऐकावा. 'श्रीमंत रघोजी भोसले' हे चालत्या घोड्यासारखं येतं. मग 'सेनासाहेबसुभा'. छत्रपती शाहूंनी दिलेला हा किताब तीन शब्द एका श्वासात बांधतो आणि उच्चारताना तोंड भरून जातं. त्या भारानंतर नुसतं 'फिरंग'. तीन अक्षरं, मधल्या अनुस्वारात धातूवर टिचकी मारल्याचा नाद. किताबावर लेख संपला असता तर ती दरबारी पाटी झाली असती. फिरंगवर संपतो, म्हणून ती तलवार राहते.

आणि हा शब्द स्वतःच परक्या मुलखाचा. फारसीतून आलेला, युरोपच्या लोकांचं नाव सांगणारा. पातं युरोपात घडलेलं, सरळ, एकधारी. समुद्र ओलांडून आलेलं. मूठ इकडची, मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. रघुजी घोडदळाचे सेनानी, बंगाल-ओडिशापर्यंत दौड मारणारे. पण त्यांच्या हातातलं पोलाद जहाजाने आलं होतं. ते लपवलेलं नाही. आपल्या नावाच्या पंक्तीला ते परकेपण सोन्याने लिहून बसवलं आहे. मला या लेखातलं सगळ्यात मोठं मन इथे दिसतं.

भाचीची तलवार पाहिली तेव्हा हेच वाचन कामी आलं. तिचा घाट ब्रिटिश नौदलाच्या १८२७ च्या नमुन्यावरून आलेला. मुठीला पांढरं मत्स्यचर्म, त्यावर तारेचे वेढे. परज सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळेची, तिच्यावर नांगर. मुकुट गेला आणि अशोकाचे सिंह आले. म्हणजे हीही फिरंगच, मूठ आपली झालेली. पितळेवर बोट फिरवलं आणि भंडाऱ्याच्या भांड्यांची चकाकी आठवली. आमच्या जिल्ह्याची ओळख या धातूनेच तर झाली.

मग शेवटचा शब्द कोणता? रघुजींच्या लेखात शेवटी पातं कुठून आलं ते कळतं. इथे पोरगी कुठून आली ते कळावं, असं वाटू लागलं. ती गोसीखुर्दची. १९८८ मध्ये ज्या धरणाची पायाभरणी झाली, ज्याच्या ३३ दरवाजांनी वैनगंगा अडवली आणि ज्याच्या पाण्याखाली कितीतरी गावांचे उंबरे गेले, त्या गोसीखुर्दची. ढिवरांच्या डोंग्यात बसून ती त्या पाण्यावर पहिल्यांदा गेली, तेव्हा कडेला घट्ट धरून होती. हेच पाणी वर्धेला मिळून प्राणहिता होतं, गोदावरीत जातं आणि बंगालच्या उपसागराला लागतं. आणि 'खुर्द' म्हणजे लहान. तोही फारसीच शब्द, फिरंगसारखा गावात मुरलेला.

चिठ्ठी लिहून कारागिराकडे नेली. तो म्हणाला, "नावापुढे 'हिला सप्रेम भेट' घालायचं ना? सगळे घालतात."

"नको. हुद्दा, नाव, आडनाव आणि गोसीखुर्द."

"नावाला 'हिची' तरी लावू?"

"तेही नको," मी म्हणालो. "शब्द नुसते शेजारी शेजारी राहू द्या."