ग्रॅन टुरिस्मो : खेळातली गाडी आणि रस्त्यावरची

नील ब्लोमकॅम्प दिग्दर्शित 'ग्रॅन टुरिस्मो' (२०२३) हा इंग्रजी चित्रपट नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा, असे आम्हाला वाटते. मात्र त्यानंतरची एक तासिका त्यावरील चर्चेसाठी राखून ठेवावी.

यान मार्डनबरो हा ब्रिटिश तरुण मोटारशर्यतीच्या संगणकखेळात तरबेज होता. २०११ साली सुमारे ९० हजार स्पर्धकांतून तो निवडला गेला आणि निसान कंपनीच्या प्रशिक्षणानंतर खऱ्या शर्यतीत उतरला. ही हकिकत खरी आहे.

चित्रपटातील सर्वांत चांगला प्रसंग ब्रेकचा आहे. ब्रेक तापून गुळगुळीत झाल्याने नीट लागत नाहीत, असे यान सांगतो. प्रशिक्षकाला ते पटत नाही. तपासणीत मात्र खरे ठरते. अंदाज बांधून तो प्रत्यक्षात पडताळण्याची विज्ञानाची रीत येथे दिसते. पुढे मात्र चित्रपट ही रीत विसरतो आणि खेळ व रस्ता एकच, असा समज करून देतो.

सिम्युलेटर ही समीकरणांनी बनलेली गाडी असते. वळण कोठे, ब्रेक कोठे लावायचा, हे तो उत्तम शिकवतो. मोठ्या संघांच्या सिम्युलेटरमध्ये बैठकही हलते. ब्रेकचा भास देण्यासाठी ती पुढे कलते व चालकाच्या वजनाचाच एक घटक त्याला पुढे ओढतो. कल ३० अंशांचा असल्यास हा घटक वजनाच्या निम्मा असतो. ९० अंश कलूनही तो वजनाइतकाच होईल. फॉर्म्युला वन गाडीत जोरदार ब्रेक लागताना चालकाला वजनाच्या चार-पाच पट बल जाणवते!

गाडी घडवतानाही हीच मर्यादा आड येते. सलग आठ वर्षे संघांचे विजेतेपद मिळवलेल्या मर्सिडीजची २०२२ ची गाडी संगणकात वेगवान होती. शर्यतमार्गावर ती वेगात वरखाली उसळू लागली. समीकरणांत जे घातलेलेच नाही, ते सिम्युलेटर सांगणार कोठून?

आमचा सर्वांत गंभीर आक्षेप कालक्रमाबद्दल आहे. ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत यानचा संघ आपल्या गटात तिसरा आला, तो २०१३ साली. जर्मनीत न्युर्बुर्गरिंग येथे त्याची गाडी हवेत उचलली जाऊन एक प्रेक्षक मरण पावला, तो २०१५ साली. चित्रपटात अपघात आधी आणि यश नंतर येते. एका माणसाचा मृत्यू नायकाच्या यशाची पायरी बनतो. निष्कर्ष गोड व्हावा म्हणून निरीक्षणांचा क्रम बदललेला आपण प्रयोगवहीत चालवून घेत नाही.

वाशीम जिल्ह्यातील शिक्षकांना हा विषय दूरचा वाटू नये. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. ताशी १२० किलोमीटर वेगाने तेथे गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. मोबाइलवर गाड्या पळवणारी आपली मुले उद्या तेथे खरी गाडी चालवणार आहेत.

तासिकेसाठी खोके, दोरा आणि एक नट पुरे. नट खोक्यात टांगा. एस.टी.ने ब्रेक लावला की तो पुढे झुकतो. वर्गात खोके पुढे कलते केले तरी तसाच झुकलेला दिसतो. मग विचारा, दोऱ्यावरचा ताण दोन्ही वेळी सारखाच असेल का? समजा, झुकाव ४५ अंशांचा आहे. ब्रेकच्या वेळी ताण नटाच्या वजनाच्या सुमारे १.४ पट होईल. कलत्या खोक्यात तो वजनाइतकाच राहील. हे गणित विद्यार्थ्यांनाच फळ्यावर सोडवू द्यावे.