‘अमृतवेल’ आणि तिचे वाचक

पांचगणी व महाबळेश्वर यांच्या दरम्यान भिलार नांवाचें गांव आहे. स्ट्रॉबेरीच्या मळ्यांसाठीं तें पूर्वींपासून ठाऊक होतें. ४ मे २०१७ पासून तें ‘पुस्तकांचें गांव’ म्हणूनहि ओळखलें जाऊं लागलें. तेथें घराघरांतून मराठी पुस्तकें विषयवार मांडलेलीं आहेत व येणाऱ्यानें तीं खुशाल बसून वाचावीं अशी सोय आहे. गेल्या उन्हाळ्यांत महाबळेश्वरीं मुक्काम असतां आम्ही दोन स्नेही कुटुंबांसह तेथें गेलों. ओसरीवर कोणाच्या तरी हातीं वि. स. खांडेकरांची ‘अमृतवेल’ आली, आणि रात्रीं जेवणें होईपर्यंत दुसरा विषय निघाला नाहीं.

१९६७ सालीं प्रसिद्ध झालेली ही कादंबरी अद्यापि आवडीनें वाचली जाते. तिचा विषय शोक हा आहे. नंदेचा नियोजित वर शेखर विमानाच्या अपघातांत मरण पावतो व तिला जगणें नकोसें होतें. पुढें ती वसू या मैत्रिणीच्या घरीं जाते, तों वसू व देवदत्त यांचा संसारहि आंतून दुभंगलेला तिच्या दृष्टीस पडतो. नंदेला तिच्या वडिलांनीं केलेला उपदेश, मागील दुःखांत अडकून न पडतां पुढें पाहावें अशा आशयाचा, तर हजारों वाचकांनीं उतरून घेतलेला आहे.

आमच्या मंडळींतील एका वयोवृद्ध गृहस्थांस तो मुखोद्गत होता. “पडत्या काळांत या एका पानानें मला सावरलें,” असें ते म्हणाले. त्यांची नात मराठी घेऊन एम्. ए. करीत आहे. तिनें तत्काळ हरकत घेतली. “आजोबा, ही कादंबरी नव्हे, सुभाषितांचा संग्रह आहे. यांतील प्रत्येक माणूस खांडेकरांच्याच भाषेंत बोलतो,” असा तिचा आक्षेप. फार जुना असलेला वाद त्या ओसरीवर पुनः उभा राहिला. फडक्यांनीं कलेसाठीं कलेचा पक्ष धरिला, खांडेकरांनीं जीवनासाठीं कलेचा. आजोबा व नात यांनीं नकळत तेच दोन पक्ष वांटून घेतले.

इतका वेळ स्वस्थ बसलेल्या एका बाई मग बोलूं लागल्या. तीन वर्षांपूर्वीं त्यांचा कर्ता मुलगा वारला. “त्या आठवड्यांत चौघांनीं मला फोनवर तोच उतारा पाठविला. मला त्याचा संताप आला. पुस्तक मीं वर्षानें वाचलें. तेव्हां दिसलें कीं, एवढें ऐकूनहि नंदा कांहीं लगेच बरी होत नाहीं. मग तिच्यावर माझा विश्वास बसला.”

आमच्या मतें या तीन वाचकांत ग्रंथाच्या गाभ्याजवळ पोहोंचल्या त्या या बाई. विद्यार्थिनीचा आक्षेप खोटा नाहीं. खांडेकरांची भाषा अलंकारांनीं जड होते, आणि पात्रांस बोलूं द्यावयाचें तेथें लेखकच बोलूं लागतो. परंतु ग्रंथाचें बळ त्या वाक्यांत नसून रचनेंत आहे. नंदेचें दुःख उपदेशानें हटत नाहीं. दुसऱ्याच्या दुःखाशीं गांठ पडल्यावर तें आपली जागा घेतें. हें सांगितलेलें नाहीं, घडविलेलें आहे. आणि जें घडविलें आहे तीच कला. उतारा कादंबरींतून तोडला कीं बापाचा कळवळा मागें राहतो आणि हातीं केवळ तत्त्वज्ञान येतें.

टेनिसनचा मित्र हॅलम १८३३ सालीं वारला. त्याच्यावरील ‘इन मेमोरियम’ हें दीर्घकाव्य प्रसिद्ध झालें १८५० सालीं. पुढें १८६१ सालीं पति निवर्तल्यावर व्हिक्टोरिया राणीस त्याच काव्यानें धीर दिला. कवीची सतरा वर्षें त्यांत मुरलेलीं होतीं. शोकांतून कला निर्माण व्हावयास काळ लागतो, तसाच ती शोकाकुल मनांत उतरावयासहि लागतो. आमचे आलंकारिक करुण रसापासून आनंद होतो असें म्हणतात. परंतु तो रसिकाचा आनंद, ताज्या जखमेचा नव्हे. सांत्वन करणारे सज्जन ही मर्यादा विसरतात.

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंति आहे. दुःखांत बुडालेल्या आप्तेष्टास ‘अमृतवेल’ अवश्य द्यावी. पण सबंध द्यावी, आणि कांहीं महिने जाऊं द्यावे. तोंपर्यंत त्याच्या घरीं जाऊन मुकाट्यानें शेजारीं बसावें. त्या दिवसांत बाईंकडे रोज सायंकाळीं येऊन कांहीं न बोलतां भाजी निवडून देणारी एक शेजारीण होती. तिचें नांव सांगतांना मात्र बाईंचा कंठ दाटून आला.