माथेरानचा व्हरांडा आणि आपली बॅग

मे महिन्यात अलिबागच्या किनाऱ्यावर घाम पुसत उभे असाल, तर एक सोपं गणित करून बघा. वर जाल तसं हवेचं तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. आपल्याच रायगड जिल्ह्यातलं माथेरान समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर आहे. म्हणजे सरासरी पाच अंशांचा फरक. दमटपणा, वारा यांमुळे आकडा मागेपुढे होतो, पण ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये तिथे चढले त्यानंतर झालेले बंगले आणि हॉटेलं या पाच अंशांवरच उभी आहेत.

जुन्या हॉटेलांबद्दल लिहिताना आपण ‘ब्रिटिशकालीन रुबाब’ म्हणतो आणि मोकळे होतो. माझा आक्षेप यालाच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बार हाऊस या बंगल्याचं पुढे हॉटेल झालं, तेव्हा त्याला नाव मिळालं ‘व्हरांडा इन द फॉरेस्ट’. नाव अगदी नेमकं आहे. रुंद व्हरांडा ही हौस नव्हे. कोकणच्या पावसाची झड भिंतीपर्यंत येऊ न देण्याची ती सोय. म्हणजे ज्याला आपण रुबाब म्हणतो, ते हवामानाला दिलेलं उत्तर आहे.

आल्प्समध्येही हेच दिसतं. स्वित्झर्लंडच्या गीसबाख हॉटेलसाठी १८७९ मध्ये पाण्याच्या वजनावर चालणारी दोरखंडाची रेल्वे सुरू झाली. त्या काळी ते अगदी आधुनिक तंत्रज्ञान होतं! फुर्का घाटातलं बेल्वेदेर हॉटेल ऱ्होन हिमनदीला अगदी लागून उभं राहिलं. हिमनदी वितळत मागे सरकली आणि २०१५ मध्ये हॉटेल बंद झालं. इमारत आजही फोटोत देखणी दिसते. पण नुसत्या देखणेपणावर हॉटेल चालत नाही.

माथेरानची गाडीही त्या काळची नवलाईच. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात दोन फुटी रुळांवरून ती नेरळहून वर नेली. पण दस्तुरी नाक्यापुढे मोटारी बंद. मग तुमची बॅग हॉटेलात पोचते कशी? घोड्यावर, हमालाच्या डोक्यावर, किंवा माणसाने ओढलेल्या रिक्षातून. ‘किती शांत, गाड्या नाहीत’ असं जे आपण लिहितो, त्या शांततेचं ओझं कुणाच्या तरी खांद्यावर असतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ई-रिक्षांनी माथेरानचं आकर्षण जाईल, असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांची निम्मी भीती मला पटते. हा भाग २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे, आणि सच्छिद्र जांभ्याची तांबडी वाट सिमेंटखाली जाऊ नये. पण माणसाने माणसाला ओढणं हा वारसा नव्हे. ती त्या काळची अडचण होती, आणि आपण तिला वातावरण म्हणू लागलो.

जुनं हॉटेल आवडणं चुकीचं नाही, मलाही आवडतं. फक्त पुढच्या वेळी व्हरांड्यात चहा घेताना स्वतःला एकदा विचारा, माझी बॅग इथवर कुणी आणली? उत्तर देताना मान खाली घालावी लागली नाही, तर तो चहा आणखी गोड लागेल.