जेसनमधील दिनांक व डेटाबेसमधील टाइमस्टॅम्प : एक चिकित्सा

प्रस्तावना :
भिन्न संगणकप्रणालींमधील माहितीच्या देवाणघेवाणीसाठी जेसन हे स्वरूप सर्वत्र रूढ झाले आहे. त्याचे यश त्याच्या साधेपणात आहे. संख्या, मजकूर, सत्य-असत्य मूल्ये, रिक्त मूल्य, सूची आणि नाम-मूल्यांच्या जोड्या एवढेच प्रकार ते जाणते. दिनांकासाठी त्यात स्वतंत्र प्रकार नाही. २०१७ च्या आरएफसी ८२५९ या मानकातही तो आलेला नाही. परिणामी दिनांक बहुधा मजकुराच्या रूपाने पाठविला जातो व त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्या प्रणालीवर येऊन पडते.

विवेचन :
आयएसओ ८६०१ ही लेखनपद्धती स्वीकारली की प्रश्न सुटतो, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. १५ ऑगस्ट २०२४ रोजीची भारतीय प्रमाणवेळेनुसार १०:३० आणि जागतिक प्रमाणवेळेनुसार ०५:०० ही एकाच क्षणाची दोन रूपे होत. पोस्टग्रेएसक्यूएलच्या कालक्षेत्रासहित टाइमस्टॅम्प या प्रकारात, मजकुरात वेळेतील फरक नमूद असल्यास, ती एकच ठरतात. कालक्षेत्रविरहित प्रकारात मात्र फरक दर्शविणारा भाग कोणतीही सूचना न देता दुर्लक्षिला जातो आणि एका क्षणाच्या दोन भिन्न नोंदी होतात. चूक घडते; परंतु ती दिसत नाही.

याहून गंभीर उदाहरण जन्मतारखेचे आहे. १५ ऑगस्ट २००४ ही तारीख जावास्क्रिप्टमध्ये भारतीय वेळेच्या मध्यरात्रीचा क्षण म्हणून तयार केली, तर जेसनमध्ये ती १४ ऑगस्ट, १८:३० अशी उतरते. त्यातील केवळ दिनांकाचा भाग नोंदविला गेल्यास विद्यार्थ्याचे वय कागदोपत्री एका दिवसाने वाढते. वयोमर्यादेच्या प्रसंगी हा एक दिवस निर्णायक ठरू शकतो.

निष्कर्ष :
या दोषाचे खापर केवळ जेसनवर फोडणे न्याय्य नाही. मूळ गफलत 'क्षण' आणि 'दिनांक' या भिन्न संकल्पना एक मानण्यात आहे. परीक्षेचा अर्ज दाखल झाल्याची वेळ हा क्षण आहे. ती कालक्षेत्रासहितच नोंदविली पाहिजे. जन्मतारीख हा पंचांगातील दिवस आहे. तिचे टाइमस्टॅम्पमध्ये रूपांतर करूच नये, ती दिनांक या प्रकारातच साठवावी. रूपांतराचे तंत्र शिकविण्यापूर्वी हा अर्थभेद शिकविणे, हे संगणकशास्त्राच्या अध्यापनाचे आद्य कर्तव्य होय.