सलोखा मोजायचा कसा? ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचताना

‘आदिवासी-बिगरआदिवासी सलोखा’ असा काही विषय तुमच्या डोक्यात असेल, तर प्रश्नावली करण्याआधी गोदावरी परुळेकर यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) वाचा. हातात पेन्सिल असू द्या, कारण या पुस्तकाशी भांडावंही लागतं.

मी मूळची विज्ञानाची. मुरबाडकडच्या एका कातकरी वाडीत पहिल्यांदा गेले, तेव्हा जमीनमालकाच्या पडवीत बसून विचारलं, “गावाशी संबंध कसे आहेत?” सगळे म्हणाले, “चांगले.” शंभर टक्के! प्रयोगशाळेत असा निकाल आला असता तर मी आधी उपकरण तपासलं असतं. इथे खूश होऊन घरी आले. ज्याच्या जागेत आपलं घर आहे, त्याच्याच पडवीत कोण वेगळं सांगणार?

ही चूक मला या पुस्तकाने दाखवली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला, म्हणजे शहापूर-मुरबाडच्या उंबरठ्यावर, किसान सभेची परिषद झाली. तिथे आलेल्या वारल्यांमुळे गोदावरीबाई उंबरगाव-डहाणूकडे वळल्या. २३ मे १९४५ ला झरी गावी वारल्यांनी ठरवलं, यापुढे वेठ करायची नाही. मग मजुरीची मागणी आली: पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. क्रम नीट पाहा. आधी नकार, मग कामाचा दर. ‘मनं जुळवा’ असं कोणी सांगितलं नव्हतं. सावकारासमोरची जुनी शांतता भीतीची होती, आणि बाहेरून ती सलोख्यासारखीच दिसत होती.

आता भांडण. पुस्तकात दोन बाजू फार स्वच्छ आहेत: इकडे वारली, तिकडे जमीनदार-सावकार आणि त्यांना साथ देणारे सरकारी नोकर. वारल्यांचं बोलणंही शेवटी लेखिकेच्याच लेखणीतून, पंचवीस वर्षांनंतर येतं. ही चौकट शहापूर-मुरबाडला जशीच्या तशी बसवू नका. इथे कातकऱ्याला कामावर बोलावणारा कुणबी शेतकरी स्वतःच दोन-चार एकरांचा असू शकतो. ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी हे सगळे ‘आदिवासी’ या एकाच रकान्यात मावत नाहीत. पुष्कळ कातकऱ्यांकडे तर घराखालची जागाही स्वतःची नसते. दिवाळीनंतर बयाणा घेऊन वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब ‘गावाशी संबंध’ म्हणजे नेमकं कोणत्या गावाशी, हेच आधी विचारेल.

म्हणून भावना विचारण्याआधी साध्या गोष्टी विचारा. घराखालची जमीन कोणाच्या नावावर? उचल कोणाकडून, फिटते कधी? ग्रामसभेत वाडीतलं कोणी बोलतं का, आणि बोलल्यावर दुसऱ्या दिवशी काम मिळतं का?

माझे ते पहिले फॉर्म मी फेकले नाहीत. फक्त सर्वांत वर एक रकाना वाढवलाय: ‘प्रश्न कुठे बसून विचारला?’