दूरचा भाऊबंद : इंग्रजी कादंबरीतील एक वारस

इंग्रजी कादंबरी वाचताना, आणि त्याहूनही ती विद्यार्थ्यांना समजावून देताना, एका पात्रापाशी आपल्याला हटकून अडखळावे लागते. घरात कर्ता पुरुष हयात आहे, मुली आहेत, मोठा वाडा आहे. आणि तरीही घराण्याचा किताब किंवा जमीन कोणा दूरच्या भाऊबंदाकडे जावयाची, हे आरंभापासून ठरलेले असते. हा भाऊबंद म्हणजे कथानकाची एक सोय, असे मानून आपण पुढे जातो. आमच्या मते ती नुसती सोय नव्हे. त्या कादंबऱ्यांतील नैतिक प्रश्नच त्याच्यामुळे उभा राहतो.

प्रथम कायद्याचे स्वरूप पाहू. किताब देणाऱ्या राजपत्रात तो बहुधा पहिल्या धारकाच्या औरस पुरुषसंततीपुरता दिलेला असतो. थोरली पाती खुंटली की तो धाकट्या पातीकडे जातो. तीही खुंटली की आणखी पलीकडे. मुलीच्या वाट्याला तो सहसा येत नाही. सारा क्रम राजपत्रातील शब्दांवर चालतो. १५५३ मध्ये मेरी राणीने एडवर्ड कोर्टनी यास डेव्हनचा अर्ल केले आणि १५५६ मध्ये तो अविवाहित वारला. परंतु त्या राजपत्रात केवळ 'पुरुषवारस' असे होते, 'औरस' ही मर्यादा नव्हती. एवढ्या एका उणिवेच्या आधारे १८३१ मध्ये, म्हणजे पावणेतीनशे वर्षांनी, सरदारसभेने तो किताब कोर्टनी कुळाच्या दूरच्या शाखेस मान्य केला.

मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटते, याचे कारण आपल्या मनात दत्तकाची कल्पना रुजलेली आहे. १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर कवळाण्याचा एक मुलगा आला, तोही गायकवाडांच्या दूरच्या शाखेतलाच होता. परंतु जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले होते. तेथे कोणीतरी कोणालातरी निवडले होते. इंग्लंडात दत्तकाला कायद्याची मान्यता मिळाली ती १९२६ मध्ये, आणि दत्तकपुत्राला किताब आजही मिळत नाही. दत्तकात निवड आहे. इंग्रजी किताबात केवळ क्रम आहे. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे त्या कादंबऱ्यांत विवाहाला एवढे महत्त्व का, हे उमगते. वारस निवडता येत नाही. जावई मात्र निवडता येतो. क्रमाने नाकारलेली निवड कादंबरीकार विवाहाच्या वाटेने परत आणतो.

जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) किताब नाही, जमीनच आहे. पण एलिझाबेथ मिस्टर कॉलिन्सला नकार देते तेव्हा हाच प्रश्न विनोदाच्या रूपाने येतो. 'पर्स्युएशन'मध्ये (१८१७) तो गंभीर होतो. सर वॉल्टर एलियट हा बॅरोनेट. त्याला तीन मुली, मुलगा नाही. वारस एक दूरचा भाऊबंद. हा मिस्टर एलियट ॲनला मागणी घालील, अशी चिन्हे दिसू लागतात. आईच्या जागी लेडी एलियट म्हणून आपण केलिंच हॉलमध्ये परत जावे, ही कल्पना ॲनला क्षणभर मोह घालते. तो क्षण आम्हांस कादंबरीतील अत्यंत मोलाचा वाटतो. कारण मोह पैशाचा नसून घराचा, आईच्या आठवणीचा आहे. ॲन त्यातून स्वतःच्या पारखीने सावरते. दुर्दैवाने लेखिकेला तेवढ्यावर विसंबवत नाही. मिसेस स्मिथच्या तोंडून ती मिस्टर एलियटच्या दुष्कृत्यांची यादीच वाचते, आणि ॲनचा नकार जितका कठीण, तितका थोर, राहावयाचा तो सोपा होऊन बसतो.

अँथनी ट्रॉलपच्या 'सर हॅरी हॉटस्पर ऑफ हंबलथ्वेट'चे (१८७१) वैशिष्ट्य येथेच आहे. सर हॅरीचा मुलगा वारला आहे. किताब जॉर्ज या उधळ्या भाऊबंदाकडे जाणारच. जमीन मात्र मुलीला, एमिलीला, देण्यास सर हॅरी मोकळा आहे. आणि हीच मोकळीक त्याला पेलत नाही. किताब एकीकडे आणि जमीन दुसरीकडे जाणे त्याला पाहवत नाही. म्हणून नालायक ठरलेल्या जॉर्जशी मुलीचे लग्न लावावे काय, या विचारात तो वारंवार डळमळतो. तो शेवटी नकार देतो, पण तोवर एमिलीने आपले मन जॉर्जला दिलेले असते. जॉर्ज दुसरीशी लग्न करतो. एमिली झुरून मरते. जॉर्जचे चित्रण ऑस्टिनच्या पात्राइतके रेखीव नाही. पण ट्रॉलपने कायद्याला दोष देण्याची पळवाट ठेवलेली नाही. निवडीचे स्वातंत्र्य असूनही माणूस क्रमापुढे मान तुकवू पाहतो, हे त्याने दाखविले.

१९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत सरदारांची सरदारसभेतील जागा गेली. किताब मात्र जुन्याच क्रमाने भाऊबंदांकडे जातात. अधिकार गेला तरी नावाची ओढ उरते, आणि सर हॅरी हरतो तो या ओढीपुढेच. म्हणून वर्गात कॉलिन्सला हसून झाल्यावर विद्यार्थ्यांपुढे सर हॅरीही ठेवावा, असे आम्ही सुचवितो. मुलीपेक्षा घराण्याचे नाव मोठे मानणारा बाप त्यांना ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही.