‘डी’मध्ये ठेवलंय, काळजी नको!

संगणक विकणारा दुकानदार, तो दुरुस्त करणारा तंत्रज्ञ आणि शाळेतला संगणकाचा तास, या तिन्ही ठिकाणी एक वाक्य हमखास ऐकू येते: “विंडोज ‘सी’मध्ये, आपले काम ‘डी’मध्ये. मग काळजी नाही.” हे वाक्य निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्याने आमचे काय झाले ते आधी सांगतो.

महाबळेश्वरच्या पठारावरील एका शाळेत आम्ही मुलांकडून रोजचा पाऊस मोजून घेत होतो. इथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैमध्ये पर्जन्यमापकातील बाटली दिवसातून दोनदा रिकामी करावी लागे. अकरा वर्षांच्या नोंदी जमल्या, त्या संगणकात भरल्या आणि जागा अडते म्हणून वह्या रद्दीत दिल्या. मूळ नोंदी ‘डी’मध्ये, त्यांची प्रत ‘ई’मध्ये. एका पावसाळ्यात दिवसभर वीज जात-येत राहिली. दुसऱ्या दिवशी संगणकातून टकटक आवाज आला आणि ‘सी’, ‘डी’, ‘ई’ तिन्ही एकदम नाहीसे झाले. “ ‘डी’ गेला ते समजले, पण ‘ई’ कसा गेला?” असे आमच्या एका सहकाऱ्यांनी विचारले. ते अनेक वर्षे मुलांना संगणक शिकवीत होते. चूक त्यांची एकट्याची नव्हती. वह्या रद्दीत देणाऱ्यांत मीही होतो.

हार्ड डिस्कचे विभाग करणे म्हणजे नेमके काय? जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात, म्हणजे पहिल्या ५१२ बाइटमध्ये, एक छोटा तक्ता असतो. त्यातील ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या आज्ञांसाठी, शेवटचे २ ओळखखुणेसाठी आणि मधले ६४ विभागांच्या नोंदीसाठी. प्रत्येक नोंद १६ बाइटची, म्हणून मुख्य विभाग चारच. नोंदीत मुख्यतः एवढेच लिहिलेले असते: विभाग कुठे सुरू होतो, किती लांब आहे, कोणत्या प्रकारचा आहे.

हा तक्ता म्हणजे डिस्कचा सातबारा. तलाठी कार्यालयात फेरफार झाला म्हणून शेतातली माती हलत नाही. तसेच विभाग पुसला की फक्त नोंद जाते. चुंबकीय तबकडीवरची माहिती तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जागच्या जागी असते. पुसलेला विभाग बरेचदा परत मिळवता येतो तो यामुळेच. याची दुसरी बाजू अशी की, सातबाऱ्यावर एका शेताचे तीन वाटे दाखवले म्हणून शेते तीन होत नाहीत. पूर आला तर तिन्ही वाटे पाण्याखाली जातात. आमच्या डिस्कमध्ये तिन्ही विभागांना वाचणारी यंत्रणा एकच होती, आणि बिघडली ती यंत्रणाच.

माझा पहिला आक्षेप नावावर आहे. विंडोजची नेहमीची खिडकी उघडा. तिथे ‘लोकल डिस्क डी’, ‘लोकल डिस्क ई’ अशी वेगवेगळी चित्रे दिसतात, प्रत्येक चित्र एका स्वतंत्र पेटीचे. वाट्याला डिस्क म्हणायचे आणि वर तसे चित्र काढायचे, मग शिक्षकाने काय समजावे? क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांची नावे वेगळी सांगतात, पण पाणी एकाच गोमुखातून येताना दिसते. तिथल्या भाविकाला हे डोळ्यांनी दिसते. संगणकापुढे बसलेल्याला ते दिसू नये अशीच जणू व्यवस्था आहे.

मग ही वाटण्यांची सवय लागली कशी? ती मूर्खपणातून आलेली नाही. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटी संगणकात १० मेगाबाइटची डिस्क आली आणि त्याबरोबरच्या डॉस २.० मध्ये विभाग पाडणारी ‘एफडिस्क’ ही आज्ञा. पुढे नव्वदीच्या दशकात फॅट-१६ या मांडणीत एका विभागात सुमारे ६५ हजार खणच मोजता येत. खण जास्तीत जास्त ३२ किलोबाइटचा, म्हणून विभाग २ गिगाबाइटहून मोठा करणे शक्यच नव्हते. गुणाकार मुलांकडून करवून घ्या, उत्तर नेमके येते. शिवाय मोठ्या विभागात एक किलोबाइटचे पत्रही ३२ किलोबाइटचा खण अडवी. अर्ध्या गिगाबाइटच्या विभागात हाच खण ८ किलोबाइटचा असे. तेव्हा जो दुकानदार डिस्कचे तुकडे करून देई तो शहाणा होता.

१९९६ मध्ये विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट-३२ आले आणि हे कारण बहुतांशी संपले. आजच्या एनटीएफएस मांडणीत सामान्यतः खण ४ किलोबाइटचाच असतो. विभागांचा तक्ताही बदलला. जुन्या तक्त्यात २ टेराबाइटपुढे मोजता येत नसे. जीपीटी नावाच्या नव्या तक्त्यात सामान्यतः १२८ नोंदी मावतात आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. लक्षात घ्या, प्रत तक्त्याची, माहितीची नव्हे. कारण गेले, सवय राहिली, आणि सवयीला नवे कारण हवे म्हणून ‘सुरक्षितता’ तिला चिकटली. शेतजमिनीचे फार बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. संगणकात मात्र ‘सी’ भरून वाहतो आहे, ‘ई’ रिकामा पडला आहे, हे दृश्य घरोघरी दिसते.

नव्या संगणकांत फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी एसएसडी असते. तिथे तर बांधही खरा नसतो. सगळ्या चिप सारख्या झिजाव्यात म्हणून आतला नियंत्रक लिखाण इकडे-तिकडे पसरवतो. त्यामुळे ‘सी’ आणि ‘डी’ची माहिती त्याच चिपवर शेजारी शेजारी असू शकते. आणि वर सांगितलेले ‘माती हलत नाही’ हे तत्त्वही इथे लंगडे पडते, कारण पुसलेली जागा नियंत्रक पुढच्या लिखाणासाठी स्वतःच साफ करून ठेवतो.

विभाग सांभाळण्यासाठी विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ हे साधन आहे. त्याचे एक कौतुक करायलाच हवे: त्याच्या खालच्या भागात ‘डिस्क ०’ असे लिहून एकाच पट्टीत सर्व वाटे ओळीने दाखवलेले असतात. संपूर्ण विंडोजमध्ये खरे चित्र मला एवढ्या सरळपणे दुसरीकडे दिसलेले नाही. पण वापरायला गेलात की अडचणी सुरू होतात. विभाग वाढवायचा तर मोकळी जागा त्याच्या लगेच उजवीकडेच असावी लागते. मध्ये दुरुस्तीचा छोटा विभाग आला की आज्ञा फिकट होते आणि का झाली हे कोणी सांगत नाही. लहान करायला गेलात तर न हलणारी एखादी फाइल वाटेत येते आणि अर्धी डिस्क रिकामी असूनही आकडा पुढे सरकत नाही.

सर्वांत वाईट म्हणजे, लिनक्सचा किंवा बिघडलेला विभाग ओळखता आला नाही की विंडोज ‘आधी फॉरमॅट करा’ असे सुचवते. ‘मला हे वाचता येत नाही’ आणि ‘हे रिकामे आहे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घाईतला माणूस ‘होय’ दाबतो आणि वाचू शकणारी माहिती धोक्यात घालतो.

जी-पार्टेड हे मुक्त साधन जास्त समर्थ आहे. ते विभाग डावी-उजवीकडे सरकवूही शकते. पण सरकवणे म्हणजे त्यातली माहिती उचलून नव्या जागी लिहिणे, त्याला काही तास लागू शकतात. आमच्याकडे जुलैमध्ये सलग दोन तास वीज राहील याची पैज मी लावणार नाही.

आता वाक्याचा खरा निम्मा भाग. विंडोज बिघडून ते नव्याने भरावे लागले आणि ‘सी’ पुसला, तर ‘डी’तले काम खरोखर वाचते. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स ठेवायचे तर वेगळे विभाग लागतातच. म्हणजे प्रणालीच्या अपघातापासून वाटणी वाचवते. डिस्कच्या मृत्यूपासून, चोरीपासून किंवा छतातून गळणाऱ्या पाण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी प्रत दुसऱ्या वस्तूवर आणि शक्यतो दुसऱ्या इमारतीत हवी. घरच्या संगणकालाही हेच लागू.

आता आमच्या वर्गात पहिला तास असा होतो. डिस्क मॅनेजमेंट उघडायचे, कशालाही हात लावायचा नाही, फक्त पट्टी वहीत काढायची. मग शेजारी पेनड्राइव्ह लावायचा. दुसरी पट्टी उगवते. प्रश्न एकच: हा डबा खाली पडला तर कोणकोणती अक्षरे जातील? पहिल्या वर्षी निम्म्या मुलांचे उत्तर चुकले.

पावसाच्या नोंदींपैकी चार वर्षांच्या परत मिळाल्या. एका माजी विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी त्या आपल्या पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या आणि पुसायला विसरला होता. उरलेली सात वर्षे गेली. यंदा मुले पुन्हा वहीत लिहितात, आणि वही कपाटात ठेवली आहे.